टायमर व काउंटर (सूक्ष्मनियंत्रक)

मायक्रोकंट्रोलर अर्थात सूक्ष्मनियंत्रकाच्या चिपमध्ये मुख्य प्रक्रियकाच्या जोडीला जी मोजणीची मंडले असतात, त्यांना टायमर व काउंटर असे म्हणतात. नावे दोन असली तरी मंडल बहुधा एकच असते. ठरावीक गतीने येणारे स्पंद मोजण्यास लावले की तो टायमर होतो. बाहेरून केव्हाही येणारे स्पंद मोजण्यास लावले की तोच काउंटर होतो. त्यामुळे टायमर हे नाव थोडे फसवे आहे. या मंडलास काळ कळत नाही, केवळ मोजता येते. स्पंदांची गती आपणांस ठाऊक असते, म्हणून त्या मोजणीचा काळ होतो.

गरज

एखादा दिवा अर्ध्या सेकंदाने उघडझाप करावयाचा असेल, तर प्रक्रियकाकडून निरर्थक आज्ञा हजारो वेळा करवून घेऊन तेवढा वेळ काढता येतो. नवशिके विद्यार्थी हीच पद्धत प्रथम शिकतात. परंतु त्या अवधीत प्रक्रियक दुसरे कोणतेही काम करू शकत नाही. शिवाय मध्येच अन्य काम उपटले, तर वेळेचे गणितही बिघडते. टायमर स्वतंत्रपणे चालत असल्याने हे दोन्ही दोष टळतात.

रचना व कार्य

इंटेल कंपनीने १९८० मध्ये आणलेला ८०५१ हा सूक्ष्मनियंत्रक या विषयाच्या अभ्यासास सोयीचा आहे. त्यात १६ बिटांचे दोन टायमर आहेत. प्रत्येकाची संख्या आठ-आठ बिटांच्या दोन रजिस्टरांत, म्हणजे वरच्या व खालच्या अर्ध्या भागांत, साठविली जाते. क्रिस्टलच्या दर १२ स्पंदांमागे ही संख्या एकाने वाढते. क्रिस्टल १२ मेगाहर्ट्‌झचा असेल, तर ही वाढ नेमकी दर मायक्रोसेकंदाला होते.

काउंटर म्हणून वापरताना बाहेरील पिनेवरील विद्युतदाब उच्च पातळीवरून निम्न पातळीवर आला की संख्या वाढते. हा बदल ओळखण्यास २४ स्पंदांचा अवधी लागतो. म्हणून १२ मेगाहर्ट्‌झ क्रिस्टलवर सेकंदाला ५ लाखांहून अधिक घटना मोजता येत नाहीत.

१६ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ६५,५३५ आहे. तीत आणखी एक मिळविताच रजिस्टर शून्यावर येते. यास ओव्हरफ्लो, म्हणजे ओसंडणे, असे म्हणतात. जुन्या घटिकापात्राशी याचे साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. तळाला बारीक छिद्र असलेले ते भांडे २४ मिनिटांत भरून पाण्यात बुडे, राखणदार तास वाजवी आणि भांडे रिकामे करून पुन्हा पाण्यावर सोडी. टायमर ओसंडतो तेव्हा एक खूणबिट १ होतो व प्रक्रियकाला इंटरप्ट जातो; हाच तो तासाचा ठोका. प्रक्रियक हातातील काम थांबवून नेमून दिलेले छोटे काम करतो आणि मूळ कामाकडे परततो.

हवा तो अवधी मिळविण्यासाठी भांडे जणू आधीच थोडे भरून ठेवतात. ५० मिलिसेकंद हवे असल्यास ६५,५३६ मधून ५०,००० वजा करून १५,५३६ पासून मोजणी सुरू करतात. असे २० ठोके झाले की एक सेकंद होतो.

मोजणीतील चुका

येथे एक सूक्ष्म चूक दडलेली असते. ओसंडल्यानंतर १५,५३६ ही संख्या पुन्हा भरण्यास प्रक्रियकाला काही मायक्रोसेकंद लागतात. प्रत्येक वेळी केवळ ५ मायक्रोसेकंद वाया गेले, तरी घड्याळ दिवसाला सुमारे ८.६ सेकंद मागे पडते. दशलक्षात २० भाग इतकी चूक असलेल्या क्रिस्टलमुळे पडणारा फरक मात्र दिवसाला सुमारे १.७ सेकंदच असतो. म्हणजे दोष क्रिस्टलचा नसून आज्ञावलीचा ठरतो. ८०५१ च्या दुसऱ्या कार्यपद्धतीत आरंभीची संख्या वरच्या रजिस्टरात जपून ठेवलेली असते आणि ती मंडल स्वतःच पुन्हा भरते, त्यामुळे ही गळती होत नाही. मात्र तेव्हा मोजणीस आठच बिट उरतात.

दुसरी चूक चालत्या टायमरचे वाचन करताना होते. समजा वरच्या भागात १ व खालच्या भागात २५५ आहे, म्हणजे एकूण ५११. प्रक्रियकाने वरचा १ वाचला आणि तेवढ्यात संख्या ५१२ झाली, तर खालच्या भागात त्याला ० दिसतो व उत्तर २५६ येते. ही चूक क्वचितच घडत असल्याने शोधण्यास फार जड जाते. उपाय साधा आहे: वरचा भाग, खालचा भाग व पुन्हा वरचा भाग वाचावा; वरच्या भागाची दोन वाचने जुळली नाहीत, तर पुन्हा वाचावे.

अन्य उपयोग

क्रमिक संदेशवहनाची गतीही टायमर ठरवितो. ८०५१ सोबत ११.०५९२ मेगाहर्ट्‌झ असा चमत्कारिक आकड्याचा क्रिस्टल अनेकदा दिसतो, तो याचसाठी. या आकड्यास १२ ने, ३२ ने व शेवटी ३ ने भागले की ९,६०० हा प्रमाणित वेग बाकी न उरता मिळतो. १२ मेगाहर्ट्‌झपासून तो नेमका मिळत नाही. मनगटी घड्याळातील क्रिस्टल ३२,७६८ हर्ट्‌झचा असतो, कारण ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की एक उरतो.

दीर्घकाळ मोजणी

आर्डुइनो उनो या फलकावर चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद ३२ बिटांच्या संख्येत मोजले जातात. ती संख्या सुमारे ४९.७ दिवसांनी ओसंडते. ‘आताची वेळ आरंभ अधिक अवधी याहून मोठी आहे काय’ असे विचारणारी आज्ञावली त्या क्षणाच्या आसपास चुकते. ‘आताची वेळ वजा आरंभ’ हा फरक चिन्हरहित संख्येत काढून अवधीशी ताडला, तर ती चुकत नाही. आठ बिटांत २५० ला आरंभ झाला व आता ५ आहे, तर चिन्हरहित वजाबाकीने ११ हेच बरोबर उत्तर येते.

आज्ञावलीतील गणकही याच कारणाने ओसंडतात. २०१५ मध्ये अमेरिकेच्या संघीय विमानवाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांविषयी आदेश काढला. वीजपुरवठा सलग २४८ दिवस चालू राहिल्यास जनित्रांच्या नियंत्रकांतील एक गणक ओसंडून सर्व नियंत्रक एकाच वेळी बंद पडू शकतात व विमानातील प्रत्यावर्ती विद्युतपुरवठा पूर्णपणे जाऊ शकतो, असे आढळले होते. सेकंदाचे शंभरावे भाग ३२ बिटांच्या चिन्हांकित संख्येत मोजले, तर ती सुमारे २४८.५ दिवसांनी भरते. नवी आज्ञावली येईपर्यंत ठरावीक मुदतीच्या आत विमानाचा वीजपुरवठा पूर्णपणे बंद करून पुन्हा सुरू करावा, असे त्या आदेशात सांगितले होते.