पाच सेकंदांची रोजकीर्द

कापसाच्या हंगामात आमच्या गावच्या जिनिंगमध्ये वीज गेली, वजनकाट्याच्या संगणकातून सकाळपासूनच्या नोंदी नाहीशा झाल्या, आणि हातातली चुरगळलेली पावती पुनःपुन्हा उलगडून दाखविणाऱ्या एका वृद्ध शेतकऱ्याचा चेहरा माझ्या मनातून जाईना. म्हणून तो संगणक यवतमाळला दत्त चौकाजवळच्या दुकानात दुरुस्तीस गेला, तेव्हा मागोमाग मीही गेलो.

दुकानात डाख देण्याच्या राळेचा वास भरला होता. कारागिराने पंख्याच्या पात्यांत गुंतलेला कापूस चिमट्याने उपसला व लिनक्स चढवावयास घेतले. भाषा, वेळ, नाव हे प्रश्न भराभर उरकले. हार्डडिस्कची मांडणी कोणत्या पद्धतीने करावयाची, या प्रश्नाशी मात्र तो थांबला. तेथे ‘एक्स्ट-४’ हे उत्तर आधीच भरलेले होते.

“लाइन गेली तं मांडणीतले पाच सेकंदांचे फेरफार जातीन, सायेब; मागची मांडणी शाबूत राह्यते.”

जुन्या नोंदी ‘फॅट’ पद्धतीच्या कप्प्यात होत्या, आणि त्या पद्धतीत रोजकीर्दच नसते. मुनीम जसा प्रथम रोजकीर्द लिही व मग खतावणी करी, तशी २००८ साली लिनक्समध्ये स्थिरावलेली ही एक्स्ट-४ व्यवस्था दप्तराच्या मांडणीतील प्रत्येक फेरफार आधी वेगळ्या वहीत टिपते. ती वही सामान्यतः दर ५ सेकंदांनी पक्की होते, आणि मध्येच अंधार झाला तर अपुरी नोंद रद्द होऊन पुरी तेवढीच ग्राह्य धरली जाते. फेडोरा या लिनक्सच्या एका प्रकाराने २०२० साली डेस्कटॉपकरिता ‘बीटीआरएफएस’ ही दुसरी व्यवस्था पत्करली. ती जुन्या ओळीवर न गिरवता नवी ओळ कोऱ्या जागी लिहिते, आणि पडताळणीची खूण ठेवून बिघडलेला मजकूरही उघडकीस आणते. तिचे हे गुण मोठेच आहेत; परंतु नोंद पक्की करण्याची तिची मुदत एरवी ३० सेकंदांची.

“तीस सेकंदांत एक पावती फाटते,” कारागीर म्हणाला.

मला त्याचेच म्हणणे पटले. जो प्रश्न त्या शेतकऱ्याच्या कानी कधी पडणारही नाही, त्याचे उत्तर आधीच भरून ठेवणारा मनुष्य त्याच्या वतीने सही करीत असतो; ती सही करताना यंत्राच्या वेगाआधी वीज जाणाऱ्या गावाचा विचार झाला पाहिजे.

शेवटी कारागिराने एक चाचणीची पावती नोंदविली, बोटांवर पाचपर्यंत मोजले आणि मुद्दाम प्लग ओढला. पडदा काळा झाला. पुन्हा उजळला, तेव्हा पावती जागेवर होती. आणि तरीही त्याने दुसरी नोंदवून पुन्हा मोजावयास आरंभ केला.