कंटेनरला कंटेनरचा पत्ता कोण सांगतं?

डॉकर नव्याने वापरणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा एरर कधी ना कधी भेटतोच : 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. वेबसाइटचा कंटेनर चालू, डेटाबेसचा कंटेनर चालू, पासवर्डही बरोबर. तरी दोघांची गाठ काही पडत नाही. अशा वेळी दोष बऱ्याचदा एकाच शब्दाचा असतो : 'लोकलहोस्ट'.

लॅपटॉपवर थेट चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी लोकलहोस्ट म्हणजे तो लॅपटॉप. पण डॉकर सहसा प्रत्येक कंटेनरला स्वतःचं वेगळं नेटवर्क देतो. त्यामुळे कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः! वेबसाइट आपल्याच घरात डेटाबेस शोधत बसते आणि तो राहतो शेजारी.

मग सरळ आयपी ॲड्रेस लिहिला तर?

चालेल, पण किती दिवस ते सांगता येत नाही. आज डेटाबेसला १७२.१८.०.३ मिळाला असेल. उद्या कंटेनर बंद करून पुन्हा सुरू केला की दुसराच मिळू शकतो. कंटेनर मुळात पाडून पुन्हा उभे करण्यासाठीच असतात. म्हणून नाव कायम ठेवायचं आणि त्या नावाचा सध्याचा पत्ता ऐनवेळी विचारायचा. इंटरनेटवर हेच काम डीएनएस करतं. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये त्याची रचना मांडली. त्याआधी सगळ्या कॉम्प्युटरांची नावं एकाच मध्यवर्ती फाइलमध्ये ठेवली जात. गंमत म्हणजे डॉकरही आधी कंटेनरच्या होस्ट्स फाइलमध्ये नावं लिहीत असे. २०१६ मध्ये आलेल्या १.१० आवृत्तीत त्याने स्वतःचा छोटा डीएनएस सर्व्हर दिला.

हा सर्व्हर कंटेनरला १२७.०.०.११ या पत्त्यावर भेटतो. वेबसाइटने 'डीबी कुठे आहे?' असं विचारलं की प्रश्न त्याच्याकडे जातो. त्याच नेटवर्कवर डीबी नावाचा कंटेनर असेल, तर तो त्याचा आत्ताचा आयपी सांगतो. नसेल, तर प्रश्न बाहेरच्या डीएनएसकडे पाठवतो. पत्ता सगळ्या कंटेनरांत सारखाच, पण उत्तर मात्र विचारणारा कोणत्या नेटवर्कवर आहे त्यावर ठरतं. दुसऱ्या नेटवर्कवरच्या डेटाबेसचं नाव तो सांगणारच नाही. ही अडचण वाटते, पण खरं तर सोय आहे.

इथेच आणखी एक खड्डा आहे. डॉकरच्या आयत्या 'ब्रिज' नेटवर्कवर नावाने शोधण्याची ही सोय मिळत नाही. नेटवर्क न सांगता कंटेनर सुरू केला की तो तिथेच जातो आणि नाव सापडत नाही. आपण स्वतः बनवलेल्या नेटवर्कवर मात्र नावं चालतात. डॉकर कंपोज वापरलं तर प्रोजेक्टसाठी असं नेटवर्क आपोआप तयार होतं आणि फाइलमधलं सर्व्हिसचं नाव हेच होस्टनेम बनतं. तिथे लोकलहोस्ट काढून 'डीबी' लिहिलं की झालं.

पोर्टकडेही लक्ष हवं. पोस्टग्रेसचा ५४३२ पोर्ट लॅपटॉपवर ५४३३ म्हणून उघडला असेल, तरी शेजारच्या कंटेनरने ५४३२ च वापरायचा. ५४३३ हा बाहेरून येणाऱ्यांसाठी.

एवढं करूनही कधीकधी मागचा कंटेनर नव्याने सुरू केल्यावर साइट ५०२ एरर दाखवू लागते. पुढे एनजिनएक्स असेल तर आधी त्याच्यावर संशय घ्यावा. साध्या सेटिंगमध्ये तो सुरू होतानाच नावाचा आयपी विचारून घेतो आणि तोच धरून बसतो. डॉकरकडे नवा पत्ता तयार असतो, पण विचारतोय कोण? एनजिनएक्स रिलोड केला की तो पुन्हा विचारतो. कायमचा उपाय हवा असेल तर सेटिंगमध्ये रिझॉल्व्हर म्हणून १२७.०.०.११ द्यावा आणि मागच्या सर्व्हरचं नाव व्हेरिएबलमध्ये ठेवावं.