मजुरी संपली, गवत उरले

तुमच्या घरात खडी फोडायच्या कामावर गेलेली आजी असेल, तर १९७२च्या दुष्काळाबद्दल तुम्हाला वेगळे सांगायला नको. त्याच काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आली आणि १९७७मध्ये तिचा कायदा झाला. काम मागणाऱ्याला काम, आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी. पण खडी फोडून झाली की मजूर पुन्हा रिकामा. डोंगरावर चर खणणाऱ्याचे तसे होत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार बघा. पाऊस जेमतेम, डोंगर उघडे, कामासाठी माणसे शहराकडे गेलेली. १९८९मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढच्या काही वर्षांत रोजगार हमीतून गावाने डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, झाडे लावली. मजुरी गावातच मिळाली. अडलेले पाणी मुरून विहिरींना आले. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, डोंगरावर गुरे सोडायची नाहीत, असे गावाने ठरवले. गवत मात्र विळ्याने कापून नेता येत होते. गवत आले तशी दुभती जनावरे आली. रोजचे दूध दीडशे लिटरच्या आसपास होते, ते हजारो लिटरवर गेले. बाहेर गेलेली कुटुंबे परतली.

खरे सांगायचे तर विहिरीचे पाणी आधी मिळते जमीनवाल्याला. भूमिहीनाला मिळते ते शेतातले काम, आणि कापू दिले तर गवत. तुमच्या गावात पाणलोटाचे काम निघाले तर ग्रामसभेत विचारा : मजुरी संपल्यावर या गवतावर हक्क कोणाचा?