जहाजावरील सुगम खोली : निवडीची मापे

अजिंठ्याच्या लेण्यांपाशी, ज्या यात्रिकास पायऱ्या चढणे शक्य नाही त्याच्यासाठी डोलीची सोय असते. चार जण खुर्चीचे दांडे खांद्यावर घेतात आणि त्यास वर नेऊन पोहोचवितात. या सोयीमुळे यात्रिक इष्ट स्थळी पोहोचतो खरा. परंतु कोठे थांबावे, किती वेळ पाहावे, केव्हा परतावे हे सर्वस्वी त्याच्या हाती राहत नाही. उचलून नेले जाणे आणि स्वतः जाणे यांतील हे अंतर प्रवासाच्या प्रत्येक प्रकारात आढळते. जहाजावर ते विशेष तीव्रतेने जाणवते. कारण तेथे प्रवाशास अनेक दिवस व रात्री एकाच खोलीच्या आश्रयाने राहावयाचे असते. लेणी पाहण्यासाठी दुसऱ्याचा खांदा चालू शकेल. मध्यरात्री स्नानगृहात जाण्यासाठी प्रत्येक वेळी तो मागावा लागणे ही निराळी गोष्ट होय.

छत्रपती संभाजीनगर समुद्रापासून दूर असले, तरी येथील प्रवाशास मनमाडमार्गे मुंबई गाठून जलप्रवासास निघता येते. मुंबई–गोवा मार्गावर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ हे प्रवासी जहाज सुरू झाले. २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेसच्या सफरी मुंबईहून निघू लागल्या. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये इंदिरा गोदीत नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्‌घाटन झाले. यास्तव चाकाच्या खुर्चीचा उपयोग करणाऱ्या प्रवाशाने जहाजावरील केबिन कशी निवडावी, हा प्रश्न आता मराठवाड्यातील पर्यटनाच्या अभ्यासकासही परका राहिलेला नाही. ‘सुगम’ हा केबिनचा अंगभूत गुण नव्हे; विशिष्ट शरीर, विशिष्ट खुर्ची आणि विशिष्ट खोली यांच्यामधील तो संबंध होय, हे या प्रश्नाचा विचार करताना प्रथम ध्यानी घ्यावयास हवे.

कायद्याची भाषा

भारतीय कायद्याने या विषयाकडे दुर्लक्ष केले, असे म्हणता येणार नाही. अपंग व्यक्तींच्या समान संधीविषयीच्या १९९५ च्या अधिनियमातील ४४ व्या कलमात रेल्वेचे डबे, बस व विमाने यांच्याबरोबर जहाजांचाही स्पष्ट निर्देश होता. जहाजांतील शौचालये चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशांना सोयीने वापरता येतील अशी करावीत, असे ते कलम सांगत होते. परंतु हे सर्व आर्थिक क्षमता व विकास यांच्या मर्यादेत राहून करावयाचे होते, आणि त्या एका वाक्यांशाने पुष्कळ काही सैल केले. त्या कायद्याची जागा २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने घेतली. त्याचे ४१ वे कलम सर्व वाहतूक-साधने सुगम असावीत असे म्हणते. जुन्या साधनांत बदल करण्याची अपेक्षा मात्र तांत्रिक शक्यता व आर्थिक व्यवहार्यता यांच्या अधीन ठेवते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेची मानके केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम अधिनियमाशी विसंगत ठरविला आणि किमान मानके बंधनकारक करण्याचा आदेश दिला.

जहाजाच्या बाबतीत कालाचा आणखी एक प्रश्न उपस्थित होतो. कॉर्डेलियाचे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० मध्ये फ्रान्समधील सँ-नाझेर येथे बांधले गेले. म्हणजे भारतातील पहिल्या कायद्याहूनही ते जुने आहे. जहाजे दीर्घकाळ चालतात आणि त्यांचे मालक व ध्वज बदलत राहतात. म्हणून एखाद्या जहाजाविषयी चौकशी करताना ते केव्हा बांधले याबरोबरच, त्यातील सुगम केबिनची रचना वा फेररचना केव्हा झाली हेही विचारणे अगत्याचे ठरते.

खोलीचे माप

हाताने चालविण्याच्या खुर्चीची एकंदर रुंदी साधारणतः ६० ते ७० सेंटिमीटर असते. याउलट जहाजावरील सामान्य केबिनच्या दाराची मोकळी रुंदी पुष्कळदा ६० सेंटिमीटरच्या आसपास, किंबहुना त्याहूनही कमी असते. मोकळी रुंदी म्हणजे चौकटीची रुंदी नव्हे. दार काटकोनात उघडले असता त्याच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीपर्यंत जे अंतर उरते ते. अमेरिकी मानकांत ही रुंदी किमान ३२ इंच, म्हणजे सुमारे ८१ सेंटिमीटर धरली आहे. भारताच्या २०२१ च्या सार्वत्रिक सुगमतेविषयीच्या मार्गदर्शक मानकांत ती ९० सेंटिमीटर आहे. खुर्ची जागच्या जागी वळविण्यासाठी १५० सेंटिमीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ लागते. हे वर्तुळ पलंग, टेबल व कपाट जागेवर असताना उरले पाहिजे, रिकाम्या खोलीत नव्हे.

याहून सूक्ष्म परंतु तितकीच निर्णायक गोष्ट म्हणजे बाजूची. खुर्चीवरून पलंगावर किंवा शौचकुंडावर सरकताना प्रत्येक व्यक्ती शरीराच्या सबळ बाजूचा आधार घेते. ज्याचे डावे अंग पक्षाघाताने निर्बळ झाले आहे, त्यास उजव्या बाजूने सरकणे सोपे जाते. जहाजाच्या डाव्या व उजव्या कुशीतील केबिन अनेकदा परस्परांची आरशातील प्रतिबिंबे असतात. एकीत शौचकुंडाच्या उजवीकडे मोकळी जागा असेल, तर दुसरीत डावीकडे. अशा दोन खोल्या कागदावर एकाच वर्गाच्या असूनही, त्यांपैकी एक त्या प्रवाशाच्या उपयोगाची आणि दुसरी निरुपयोगी ठरते. पलंगाची उंची खुर्चीच्या बैठकीशी मिळती आहे काय, उचलयंत्र वापरावयाचे असल्यास त्याचे पाय पलंगाखाली जातील काय, वाफ्याखाली गुडघ्यांना जागा आहे काय, न्हाणीत घडीची बैठक व आधाराचे दांडे कोणत्या भिंतीला आहेत, हेही याच कसोटीने पाहावे लागते.

काही जहाजांवर पूर्णतः सुगम आणि अंशतः सुगम असे दोन वर्ग केलेले असतात. दुसऱ्या वर्गातील केबिन प्रायः काही पावले चालू शकणाऱ्या प्रवाशास योग्य असते. दोहोंना एकच चिन्ह लावलेले आढळल्यास चिन्हावर विसंबू नये.

उंबरठ्याचा प्रश्न

घराचा उंबरठा ओलांडणे ही मराठी मनात प्रतीकाची गोष्ट असली, तरी जहाजावर ती चाकाची गोष्ट होते. उघड्या डेकवरील दारांना उंच उंबरठे असतात. भाररेषांविषयीच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारात अशा अनेक दारांसाठी किमान ३८० मिलिमीटर उंची सांगितली आहे. लाटांचे पाणी आत शिरू नये हा त्यातील हेतू. केबिनमधील स्नानगृहाच्या उंबरठ्याचे प्रयोजन याहून वेगळे आहे. तो केवळ न्हाणीचे पाणी खोलीत येऊ नये म्हणून असतो, आणि तेच कार्य जमिनीचा उतार व योग्य जागी ठेवलेली मोरी यांनी साधता येते.

या भेदाचे महत्त्व न्यायनिर्णयातूनही दिसून येते. २००५ मध्ये स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशी ध्वजाच्या क्रूझ जहाजांनाही अमेरिकी जलक्षेत्रात तेथील अपंगत्वविषयक कायदा लागू होतो असे ठरविले. परंतु आंतरराष्ट्रीय सुरक्षा-करारांशी विरोध येईल असा रचनात्मक बदल त्या कायद्यान्वये मागता येणार नाही, असेही म्हटले. म्हणूनच प्रत्येक उंबरठ्याबाबत तो समुद्रासाठी आहे की सवयीने राहून गेला आहे, हे तपासले पाहिजे.

खोलीचे स्थान

जहाज पुढे-मागे डोलू लागले की त्याचा मध्यभाग कमी व टोके अधिक हलतात. जहाज २ अंशांनी कलले असता, डोलण्याच्या अक्षापासून १०० मीटर दूर असलेली केबिन सुमारे साडेतीन मीटर वर वा खाली जाते. १० मीटरवरील केबिन केवळ ३५ सेंटिमीटर. आडव्या डोलण्यातही उंच मजल्यांवरील सरकणे अधिक असते. म्हणून मध्यभागी, खालच्या मजल्यावरील केबिन सामान्यतः स्थिर मानली जाते. तथापि जमिनीचा कल सर्वत्र सारखाच असतो, आणि खुर्ची घसरते ती कलामुळे. तेव्हा स्थिर केबिनमध्येही खुर्चीला चांगले रोधक हवेतच.

स्थानाचा दुसरा विचार संकटकाळाचा. आग लागल्यास उद्वाहकाचा उपयोग करता येत नाही. सुगम केबिनपासून एकत्र जमण्याच्या जागेपर्यंत जिने किती, आणि तेथून प्रवाशास कोण व कोणत्या साधनाने नेणार, हे आधी ठरलेले असावे लागते. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडाल्यानंतर समुद्रातील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार १९१४ मध्ये झाला. त्याच परंपरेतील १९७४ च्या करारानुसार, संकटकाळी विशेष साहाय्य लागेल असे ज्यांनी कळविले आहे त्यांची नोंद करून ती जहाज निघण्यापूर्वी कप्तानास द्यावयाची असते. ही नोंद प्रवाशाच्या सांगण्यावर अवलंबून आहे. प्रवेश नाकारला जाईल या भीतीने तो गरज लपवू लागला, तर भेदभावाचे पर्यवसान थेट जीविताच्या धोक्यात होते.

किनाऱ्यावर उतरणे

उत्तम केबिन मिळूनही प्रवासी बंदर पाहू शकेलच असे नाही. कोकणातील अनेक बंदरांत आगबोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावांतून किनाऱ्यास लागत. लक्षद्वीपच्या खाजणांबाहेर थांबलेल्या मोठ्या जहाजावरून आजही लहान बोटीतूनच बेटावर जावे लागते. हलत्या बोटीत खुर्ची उतरविणे समुद्राच्या स्थितीवर अवलंबून असते. म्हणून जहाज कोणत्या बंदरी धक्क्याला लागते व कोठे नांगर टाकून उभे राहते, हे केबिन राखून ठेवण्यापूर्वीच विचारावे.

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम प्रवाशाने आपल्या खुर्चीची रुंदी, लांबी व बैठकीची उंची मोजावी आणि सरकण्याची बाजू निश्चित करावी. त्यानंतर त्या विशिष्ट क्रमांकाच्या केबिनचा मापांसह आराखडा लेखी मागवावा. सुगम केबिन संख्येने थोड्या असल्यामुळे हे काम लवकर करावे लागते. पर्यटन-प्रशासनाच्या अभ्यासकांना येथे एक उपयुक्त क्षेत्र खुले आहे : मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवरील अशा प्रत्येक केबिनचे दार, उंबरठा, वळणाचे वर्तुळ आणि सरकण्याची बाजू प्रत्यक्ष मोजून नोंदविणे. मोजफितीने होणारे हे काम आहे. ते झाल्यास कोणती केबिन आपल्याला चालेल हे प्रवासी घरबसल्या ठरवू शकेल, आणि जहाजावर पाय ठेवण्याआधीच त्याचा निम्मा परावलंब संपलेला असेल.