संगणकाचे अंतरंग आणि माहितीची प्रवेशद्वारे

सातबाराचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, घरपट्टीची पावती, विद्यार्थ्यांची हजेरी, निवृत्तिवेतनाची यादी अशी ग्रामीण जीवनाला स्पर्श करणारी बहुतेक कागदपत्रे आज संगणकातून बाहेर पडतात. एकेकाळी केवळ संशोधन संस्थांत आणि मोठ्या कारखान्यांत दिसणारे हे यंत्र आता ग्रामपंचायतीच्या कार्यालयात व शाळेच्या वर्गात येऊन बसले आहे. तथापि, नित्याच्या वापरातील या यंत्राची रचना अनेकांना अपरिचित असते. त्यामुळे काही जण त्याला बिचकतात, तर काही जण त्याने दिलेला प्रत्येक कागद निःशंकपणे खरा मानतात. या दोन्ही वृत्ती कारभाराला घातक होत. संगणक स्वतः काही जाणत नाही. त्याला जे दिले जाते, त्यावरच तो प्रक्रिया करतो. म्हणूनच त्याचे अंतरंग आणि त्यात माहिती शिरण्याचे मार्ग यांची ओळख प्रत्येक लोकसेवकाला असणे अगत्याचे आहे.

यंत्रसामग्री व आज्ञावली

संगणकाचे दोन भाग मानले जातात. हाताला लागणारा तो सर्व भाग, म्हणजे पेटी, पडदा, कळफलक, तारा, छपाई यंत्र, ही यंत्रसामग्री किंवा हार्डवेअर. या यंत्राने काय व कोणत्या क्रमाने करावे, हे सांगणाऱ्या सूचनांचा संच म्हणजे आज्ञावली किंवा सॉफ्टवेअर. पेटी व तबला ही यंत्रसामग्री मानली, तर त्यांवर वाजविण्याचा राग आणि ताल ही आज्ञावली होय. एकावाचून दुसरे व्यर्थ आहे.

यंत्रसामग्रीचे काम तीन टप्प्यांत चालते. निवेश साधनांतून माहिती आत येते, मधल्या यंत्रणेत तिच्यावर संस्कार होतात आणि निर्गत साधनांतून, म्हणजे पडद्यावर वा कागदावर, फलित बाहेर पडते.

पेटीच्या आत

पेटी उघडली असता एक मोठी पाटी दिसते. तिला मदरबोर्ड म्हणतात. इतर सर्व भाग तिच्यावर बसविलेले किंवा तिला जोडलेले असतात. तिच्यावरील सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे प्रोसेसर. बेरीज, वजाबाकी, तुलना आणि आज्ञांचा क्रम पाळणे ही कामे तो करतो. इंटेल कंपनीने १९७१ साली बाजारात आणलेल्या ४००४ या प्रोसेसरमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आजच्या प्रोसेसरमध्ये त्यांची संख्या अब्जांच्या घरात आहे.

दुसरा घटक म्हणजे स्मृती. ती दोन प्रकारची असते. काम चालू असताना लागणारी माहिती रॅम या तात्पुरत्या स्मृतीत असते, तर कायमची माहिती हार्ड डिस्कवर किंवा अलीकडील एसएसडीवर ठेवली जाते. शिक्षकांना हा भेद सहज उमगेल. रॅम हा वर्गातील फळा आहे आणि डिस्क हे कपाटातील दप्तर आहे. फळ्यावर लिहिणे-पुसणे झटपट होते, परंतु तास संपला की फळा कोरा होतो. त्याचप्रमाणे वीज जाताच रॅममधील सर्व मजकूर नाहीसा होतो. दोन तास भरलेली यादी वेळोवेळी जतन केली नसेल, तर ती एका क्षणात जाते आणि ते श्रम पुन्हा करावे लागतात.

तिसरा घटक वीजपुरवठ्याचा. भिंतीवरील २३० व्होल्ट प्रत्यावर्ती वीज संगणकाला चालत नाही. एसएमपीएस ही पेटी तिचे १२, ५ व ३.३ व्होल्ट अशा एकदिश विजेत रूपांतर करते. जमिनीशी जोडणारी अर्थिंगची तार नीट नसेल, तर यंत्राला आणि ते हाताळणाऱ्याला धोका संभवतो.

शून्य आणि एक यांची भाषा

संगणकातील विद्युतमंडलांना दोनच अवस्था ठाऊक असतात. त्यांना ० आणि १ अशी नावे देण्यात आली आहेत. अशा एका अंकस्थानास बिट आणि आठ बिटांच्या समूहास बाइट म्हणतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी उभारलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे १०,२४० बाइट मावत. आजच्या पद्धतीने देवनागरी मजकूर त्यात ठेवायचा म्हटले, तर जेमतेम दोन पाने बसतील. आज खिशातील फोनने काढलेल्या एका छायाचित्राला याच्या शेकडो पट जागा लागते.

प्रत्येक अक्षरास एक क्रमांक ठरवून दिला, की लेखन संगणकात साठविता येते. जगातील लिप्यांसाठी असे क्रमांक ठरविणाऱ्या सर्वमान्य पद्धतीस युनिकोड म्हणतात. तिच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीला तीत स्थान आहे. ‘मराठी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. संगणकात मात्र म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी असे पाच क्रमांक साठविले जातात.

कळफलक

निवेश साधनांत कळफलक सर्वांत परिचित आहे. त्याच्या कळांखाली आडव्या-उभ्या वाहक रेषांची जाळी असते. कळ दाबताच एक आडवी व एक उभी रेषा जोडली जाते. कोणती जोडी जुळली हे एक लहान मंडल अखंड तपासत असते आणि त्या कळेचा क्रमांक संगणकाकडे पाठविते.

इंग्रजी कळांचा प्रचलित क्रम अमेरिकेतील ख्रिस्तोफर शोल्स यांच्या टंकलेखन यंत्रापासून आला. हे यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली विक्रीस आणले. देवनागरीसाठीही रेमिंग्टन पद्धतीची यंत्रे आपल्या कार्यालयांत दीर्घकाळ वापरात होती. त्या पद्धतीत अक्षर जसे दिसते तसे उमटवावे लागे. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर येत असे.

भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ सालच्या मानकात समाविष्ट असलेली इनस्क्रिप्ट ही कळरचना उच्चाराच्या क्रमाने चालते. व्यंजन आधी, स्वर नंतर. स्वर व त्यांच्या खुणा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. ‘क’च्या कळेवर शिफ्ट दाबून ‘ख’, ‘ग’च्या कळेवर ‘घ’ आणि ‘प’च्या कळेवर ‘फ’ मिळतो. वर्णमालेची ही सुसंगती ध्यानात आली, की सराव सुकर होतो. मराठीचे खास उच्चारही या रचनेत नीट मांडता येतात. समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ आणि डोंगरांमधील ‘दऱ्या’ हे शब्द वेगळे आहेत. दुसऱ्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरावे लागते आणि ते ‘र’च्याच कळेवर शिफ्टसह उपलब्ध आहे.

माउस व स्पर्शपटल

पडद्यावरील चित्रांकडे निर्देश करून आज्ञा देण्याचे साधन म्हणजे माउस. अमेरिकेतील संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी त्याची कल्पना मांडली आणि १९६८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले. पहिला माउस लाकडी होता व त्याच्या तळाशी दोन चाके होती. आजच्या माउसच्या तळाशी लहान दिवा आणि प्रकाशसंवेदक असतो. तो खालच्या पृष्ठभागाची चित्रे अतिशय वेगाने टिपतो आणि दोन चित्रांतील फरकावरून हालचाल मोजतो. स्वच्छ काचेवर माउस अडखळतो, याचे कारण हेच. काचेवर टिपण्याजोगी खूणच नसते.

फोनच्या पडद्यावर बोट हेच निर्देशक असते. काचेखालील सूक्ष्म विद्युतभारात बोटाच्या स्पर्शाने होणारा बदल यंत्र ओळखते. ओल्या हाताने पडदा चुकीचा प्रतिसाद देतो, तोही याच कारणाने.

कागद वाचणारी साधने

स्कॅनर कागदाचे चित्र घेतो. ए-४ आकाराचे पान दर इंचास ३०० ठिपके या प्रमाणात घेतल्यास सुमारे ८७ लाख ठिपक्यांचे चित्र तयार होते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुनी नोंदवही स्कॅन केली म्हणजे ती संगणकास वाचता आली, असे नव्हे. त्याच्या दृष्टीने ते केवळ ठिपके असतात. त्यात नाव शोधता येत नाही आणि आकड्यांची बेरीजही होत नाही. चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणारी वेगळी आज्ञावली वापरावी लागते. तिने केलेला मजकूर, विशेषतः हस्तलिखिताचा, माणसाने मूळ कागदाशी ताडून पाहिलाच पाहिजे.

शिष्यवृत्ती परीक्षेतील गोल रंगविण्याची उत्तरपत्रिका शिक्षकांच्या परिचयाची आहे. ती तपासणारे यंत्र अक्षर वाचत नाही. ठरावीक जागेवरून परावर्तित होणारा प्रकाश किती कमी झाला, एवढेच ते मोजते. अर्धवट रंगविलेला वा नीट न खोडलेला गोल त्याला कोड्यात टाकतो. विद्यार्थ्यांना ही गोष्ट कारणासह सांगितली, तर हातचे गुण जाणार नाहीत.

वस्तूंच्या वेष्टनावरील काळ्या-पांढऱ्या रेषांचा बारकोड दुकानात प्रथम वाचला गेला तो १९७४ साली, अमेरिकेतील ओहायो राज्यात. चौकोनी क्यूआर संकेत १९९४ साली जपानमध्ये तयार झाला. त्यात आडव्या व उभ्या अशा दोन्ही दिशांनी माहिती असते आणि काही भाग मळला वा फाटला तरी उरलेल्या भागातून ती परत मिळविता येते. धनादेशाच्या तळाशी चुंबकीय शाईने छापलेल्या आकड्यांत नऊ अंकी संकेतांक असतो. त्याचे पहिले तीन अंक शहराचे, पुढील तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे असतात.

बोटांचा ठसा

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी आधार क्रमांकांचे देशातील पहिले वाटप झाले. आधारच्या नोंदणीत प्रौढ व्यक्तीच्या दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची चित्रे आणि छायाचित्र घेतले जाते. ठसा घेणारे साधन बोटावरील रेषांचे चित्र टिपते. त्यातील रेषा कोठे संपतात व कोठे फुटतात, अशा खुणा आधीच्या नोंदीशी पडताळून पाहिल्या जातात.

विटा वाहणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, शेतात राबणाऱ्या हातांवरील रेषा झिजतात. वार्धक्यात त्वचा सैल व कोरडी पडते. अशा वेळी यंत्राने ठसा नाकारला, तर ती व्यक्ती खोटी ठरत नाही. त्या साधनाची ती मर्यादा असते. बोट पुसून पुन्हा प्रयत्न करणे, दुसरे बोट वापरणे, बुबुळाची किंवा नोंदविलेल्या फोनवर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकाची पडताळणी करणे, हे मार्ग त्यासाठीच आहेत. पाच वर्षांखालील बालकांचे ठसे नोंदविले जात नाहीत. पाचव्या आणि पुढे पंधराव्या वर्षी ते अद्ययावत करावे लागतात. शाळांनी पालकांना याची वेळीच आठवण दिल्यास पुढील खेटे वाचतील.

चूक कोठे शिरते?

आधार क्रमांकाच्या बारा अंकांपैकी शेवटचा अंक तपासणी अंक असतो. आधीच्या अकरा अंकांवरून तो गणिताने ठरतो. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर हिशेब जुळत नाही आणि आज्ञावलीला तो क्रमांक तेथेच नाकारता येतो. पुस्तकांवरील आयएसबीएन क्रमांकातही असाच तपासणी अंक असतो.

नावाला मात्र तपासणी अंक नसतो. ‘पाटील’ आणि ‘पाटिल’, ‘शिंदे’ आणि ‘शिन्दे’ ही माणसाच्या दृष्टीने एकच आडनावे आहेत. संगणकाच्या दृष्टीने ती भिन्न क्रमांकांच्या माळा आहेत. काही फरक तर डोळ्यांनाही दिसत नाहीत. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये २००८ पासून स्वतंत्र क्रमांक आहे, परंतु ‘अ’वर चंद्र देऊनही तेच रूप उमटविता येते. दिसण्यात एकच असलेल्या या दोन नोंदी शोध घेताना एकमेकींशी जुळतीलच असे नाही. शिधापत्रिकेवर एक नाव, बँकेत दुसरे आणि सातबारावर तिसरे असे झाले, की एखाद्या वृद्धेचे निवृत्तिवेतन किंवा विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती अडते. एका चुकीच्या वेलांटीची किंमत अशा वेळी रोजंदारी बुडवून तालुक्याला घालाव्या लागणाऱ्या फेऱ्यांत मोजावी लागते.

यावर उपाय साधे आहेत. नाव ऐकून न भरता मूळ कागद पाहून भरावे. भरलेली नोंद संबंधितास पडद्यावर दाखवावी, वाचता येत नसेल त्यास मोठ्याने वाचून दाखवावी आणि मगच ती कायम करावी. मोठ्या याद्या एकाने भरून दुसऱ्याने तपासाव्यात. मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. विशिष्ट जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांत उमटतो. महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसऱ्या ठिकाणी जपून ठेवावी. यंत्रावर धूळ साचू देऊ नये आणि त्याच्या वायुवीजनाच्या जागा झाकू नयेत.

पूर्वी दप्तरात चुकीची नोंद झाली, तर ती एका वहीत राही. आज तीच नोंद क्षणार्धात अनेक कार्यालयांत पोहोचते. अचूक नोंदीचा लाभ जितका दूरवर जातो, तितकाच सदोष नोंदीचा उपद्रवही. ग्रामसभेत याद्यांचे वाचन करणारे पंचायत सदस्य, विद्यार्थ्यांची नावे दाखल करणारे शिक्षक आणि कळफलकासमोर बसलेले कर्मचारी हे या यंत्रणेचे खरे द्वारपाल होत. नागरिकाचे नाव या द्वारातून बिनचूक आत गेले, तर त्याचा हक्कही त्याच्यापर्यंत विनाविलंब पोहोचेल.