पुंजी आणि निवृत्तिवेतन

आपल्या वडिलांचे किंवा आईचे पगारपत्रक आपण कधी लक्षपूर्वक वाचले आहे काय? त्यात 'भविष्यनिर्वाह निधी' या नावाखाली दरमहा काही रक्कम कापलेली आढळते. घरोघर ही कपात म्हणजे तोटा समजतात. वस्तुतः वार्धक्याची शिदोरी तिच्यातूनच बांधली जात असते. ती सोडावी कशी, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

१९५२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या निधीत नोकर सामान्यतः वेतनाच्या १२ टक्के रक्कम भरतो. मालकही तितकीच भरतो. मात्र मालकाच्या रकमेतील, वेतनाच्या ८.३३ टक्के इतका भाग १६ नोव्हेंबर १९९५ रोजी सुरू झालेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेकडे जातो. या भागाच्या हिशेबासाठी वेतनाची मर्यादा २०१४ साली १५,००० रुपये ठरविण्यात आली.

म्हणजे भांडी दोन आहेत. पहिल्यातील पैसा व्याजासह एकरकमी हाती येतो आणि खर्चला की संपतो. त्याचा काही भाग साठाव्या वर्षानंतर टपाल कचेरीतील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवल्यास दर तीन महिन्यांनी व्याज मिळते. दुसऱ्या भांड्यातून दरमहा वेतन मिळते, तेही आमरण. आणि पश्चात पत्नीस अथवा पतीस त्यातील काही अंश मिळत राहतो.

या वेतनासाठी १० वर्षांची सेवा लागते आणि पूर्ण वेतन ५८ व्या वर्षापासून मिळते. शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरी वेतनास, वरील मर्यादेत, सेवेच्या वर्षांनी गुणावे व ७० ने भागावे. वेतन १५,००० रुपये व सेवा १४ वर्षे धरल्यास दरमहा ३,००० रुपये येतात.

आता चूक कोठे होते ते पाहा. कोणी एका कारखान्यात ८ वर्षे व दुसऱ्यात ६ वर्षे काम केले. दोन्ही जोडली तर १४ वर्षे होतात. परंतु पहिली नोकरी सुटताच निवृत्तिवेतनाचा पैसा काढून घेतला, तर ती ८ वर्षे पुसली जातात. उरलेल्या ६ वर्षांवर निवृत्तिवेतन मिळत नाही. म्हणून जुने खाते नव्या नोकरीत वळते करून घ्यावे. लगेच नोकरी नसेल तर योजना प्रमाणपत्र मागून जपून ठेवावे.

निवृत्तिवेतन आपण होऊन चालत येत नाही. त्यासाठी '१० डी' क्रमांकाचा अर्ज करावा लागतो. हैदराबादेतील मराठी कुटुंबांनी येथे विशेष सावध असावे. आपण स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम लावतो. तेलुगू रीतीत घराण्याचे नाव आधी येते. निधीच्या नोंदीत एक नाव, आधारपत्रावर दुसरे आणि बँकेत तिसरे झाले, की अर्ज अडतो. अशी दुरुस्ती नोकरी चालू असतानाच करावी. निवृत्तिवेतन सुरू झाल्यावरही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो.

तेव्हा एखाद्या रविवारी आईवडिलांजवळ बसा. नाव, जन्मतारीख, वारसाची नोंद व सेवेची वर्षे एका वहीत उतरून कागदपत्रांशी ताडून पाहा. ज्यांनी आपल्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले, त्यांच्या उतारवयासाठी त्या शिक्षणाचा एवढा उपयोग झाला, तरी आम्हां शिक्षकांस समाधान वाटेल.