वीज जोडण्याच्या दोन तऱ्हा

गणेशोत्सवात मखराला आपण बारीक दिव्यांची माळ लावतो. तिच्यातला एक दिवा गेला, की कित्येकदा सगळी माळच विझते. घरात मात्र स्वयंपाकघरातला दिवा गेला म्हणून माजघरातला जात नाही. वीज तीच, मग असे का? फरक आहे जोडणीचा. माळेतली जोडणी एकसर, घरातली समांतर.

हे समजायला आपल्या पाटण तालुक्यातल्या कोयना धरणाचे पाणी पाहू. हे पाणी बोगद्यातून सह्याद्रीपलीकडे पोफळीला उतरते. तिथल्या भूमिगत वीजगृहातून 1962 साली वीज निघू लागली. पहिल्या दोन टप्प्यांचे मिळून तिथे आठ संच आहेत. प्रत्येक संचाला वरून आपापले वेगळे पाणी मिळते. एक संच दुरुस्तीला थांबवला, तरी बाकीचे सात चालू शकतात. उंचीचा लाभ जवळपास सारखाच. पण जितके जास्त संच चालवाल, तितके पाणी जास्त लागणार. ही समांतर तऱ्हा.

पोफळीहून सुटलेले पाणी पुढे कोळकेवाडीच्या जलाशयात अडवले आहे. तेच पाणी तिसऱ्या टप्प्याचे संच फिरवते. इथे पाणी एकच, पण उंची दोन ठिकाणी वाटली गेली. वरून पाणी येईनासे झाले, की खालच्यांनाही लवकरच थांबावे लागणार. ही एकसर तऱ्हा.

आता पाण्याच्या जागी विद्युतप्रवाह धरा आणि उंचीच्या जागी विद्युतदाब. आपल्या घरात वीज 230 व्होल्ट दाबाने येते. सहा व्होल्टचे 38 दिवे एकापुढे एक जोडले, तर 38 सक 228. म्हणजे दाब सगळ्यांत वाटला गेला आणि प्रत्येकाच्या वाट्याला सहा व्होल्ट आले. प्रवाह मात्र सर्वांतून एकच. एका दिव्याची तार तुटली, की वाटच तुटली. घरात प्रत्येक उपकरणाला पुरे 230 व्होल्ट मिळतात आणि जो तो आपल्या गरजेइतका प्रवाह ओढतो.

खरी मेख इथेच आहे. 60 वॅटचा दिवा सुमारे पाव अँपिअर प्रवाह घेतो, 1000 वॅटची इस्त्री सव्वाचारच्या वर, आणि पाणी तापवायचा 1500 वॅटचा रॉड साडेसहा. तिन्ही एकदम लावले, तर मुख्य तारेतून अकरा अँपिअर जाणार. समांतर जोडणी कुणालाच नाही म्हणत नाही. भार वाढत जातो, तार तापते, तिचे आवरण वितळते आणि आग लागते.

म्हणून या समांतर संसाराच्या तोंडाशी एक वस्तू मुद्दाम एकसर जोडलेली असते. ती म्हणजे फ्यूज, किंवा अलीकडच्या घरांत आपोआप पडणारा एमसीबी. सारा प्रवाह तिच्यातूनच जातो. मर्यादा ओलांडली, की फ्यूजची तार वितळते आणि वाट बंद होते. एक गेले की सगळे बंद, हा माळेतला दोष इथे घर वाचवणारा गुण ठरतो.

काही मंडळी फ्यूज सारखा जातो म्हणून वैतागून तिथे तांब्याची जाड तार गुंडाळतात. मोटारीच्या पेटीतही हाच उद्योग चालतो. मग फ्यूजऐवजी भिंतीतली तार जळते, नाहीतर मोटार. फ्यूज वारंवार जात असेल, तर भार कमी करावा, जाणत्या वायरमनकडून दोष शोधून घ्यावा आणि ठरलेल्या जाडीचीच फ्यूजतार घालावी. बटनही नेहमी फेजच्या तारेवर एकसर असावे. ते न्यूट्रलवर बसवले, तर दिवा विझलेला दिसतो, पण होल्डरात वीज जिवंत राहते.

शिक्षक बंधुभगिनींनी हा भेद वर्गात जरूर दाखवावा. त्याला दीड व्होल्टचे दोन सेल, बॅटरीचे दोन सारखे छोटे बल्ब आणि थोडी तार पुरते. दोन्ही सेल एकापुढे एक ठेवावेत. बल्ब आधी एकसर जोडावेत. ते मंद जळतील, आणि एक काढताच दुसराही विझेल. मग समांतर जोडावेत. दोन्ही लख्ख जळतील, आणि एक काढला तरी दुसरा जळत राहील. घरच्या विजेवर मात्र हा प्रयोग कुणीही करू नये.